बंदूक कोणाकडे रोखली आहे?

आपल्या घरांत चित्रपटाबद्दल, मालिकेबद्दल, पुस्तकाबद्दल मत दिले जाते. "ते मुलांसमोर लावू नका", "हे बघण्यासारखे आहे", असे एक भाभी दुसरीला फोनवर सांगते आणि तेवढ्यावर निर्णय होतो. पण घरातला तेरा वर्षांचा मुलगा रोज दीड-दोन तास ज्या गेममध्ये असतो, त्याबद्दल आपल्याकडे एकच वाक्य असते, "काय ती दिवसभर ठाय ठाय, बंद कर!" हे वाक्य सगळ्याच गेमना सारखे लागू पडते, म्हणून मुलगा ते कानाआड करतो. आवाज कमी करतो आणि खेळत राहतो.

मी जुन्नरला राहते, शाळेत मराठी शिकवते आणि अधूनमधून पुस्तकांची परीक्षणे लिहिते. माझा भाऊ आंबेगाव तालुक्यात, मंचरच्या बाहेर मळ्यात राहतो. त्याचा मोठा मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, धाकटा आठवीत. गेल्या दोन सुट्ट्यांत मी या दोघांच्या शेजारी वही घेऊन बसले आणि त्यांचे मारधाडीचे, शूटिंगचे गेम पुस्तक वाचावे तसे पाहिले. एक-दोनदा स्वतःही खेळले. विमानातून उतरून मिनिट झाले नसेल तोच धाकटा ओरडला, "फुफी, तुम मर गये!" मग खेळण्याचे काम त्यांच्याकडे सोपवले आणि पाहण्याचे माझ्याकडे ठेवले.

"मैदानावर पाठवा की मुलांना," असे कोणी म्हणेल. आमच्या भागात ते तितके सोपे राहिलेले नाही. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके जुन्नर वन विभागात येतात आणि इथल्या उसात बिबट्या राहतो. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे. मळ्यातल्या वस्तीवर मगरिबची अजान व्हायच्या आत मुलांना घरात घेतात. पूर्वी जो वेळ विटी-दांडूत आणि क्रिकेटमध्ये जायचा, तो आता चार भिंतींत जातो, आणि चार भिंतींत मोबाइल असतो. म्हणून "गेम नकोच" असे म्हणून माझे काम संपत नव्हते. कोणता चालेल, कोणता नाही आणि का, हे सांगता यायला हवे होते.

तीन प्रश्न

पुस्तक तपासताना मी जसे काही प्रश्न समोर ठेवते, तसे इथेही तीन ठेवले. पहिला, बंदूक कोणाकडे रोखली आहे? दुसरा, आईने हाक मारली किंवा अजान झाली तर मुलाला खेळातून उठता येते का? तिसरा, गेम फुकट आहे तर तो विकतो काय? रक्त किती दिसते हा प्रश्न मी मुद्दाम पहिला ठेवला नाही. रक्त आपल्याला दारातूनही दिसते. बाकीच्या गोष्टी शेजारी बसल्याशिवाय दिसत नाहीत.

बीजीएमआय आणि फ्री फायर

आपल्या घरांत सर्वांत जास्त चालणारा हा प्रकार. पबजी मोबाइलवर सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी, इतर अ‍ॅप धरून एकूण ११८ अ‍ॅपसोबत बंदी घातली. जुलै २०२१ मध्ये तोच खेळ 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' म्हणजे बीजीएमआय या नावाने आला, जुलै २०२२ मध्ये तोही बंद झाला आणि मे २०२३ मध्ये परतला. खेळ साधा आहे. शंभर जण विमानातून एका बेटावर रिकाम्या हाताने उतरतात, घराघरांतून शस्त्रे शोधतात, सुरक्षित जागेचे वर्तुळ लहान होत जाते आणि शेवटी जो किंवा जो गट उरतो तो जिंकतो.

पहिल्या प्रश्नावर हा गेम बरा उतरतो. समोरचा शत्रू कोणत्या देशाचा, धर्माचा किंवा वेषाचा नाही. तोही एक खेळाडूच असतो, आपल्यासारखाच फोन धरून बसलेला. भारतातल्या आवृत्तीत रक्त लाल दाखवत नाहीत, हिरवे दाखवतात. हे सगळे काल्पनिक जग आहे अशी सूचनाही सुरुवातीला ऐकू येते. धाकट्याच्या गटात चार मुले आहेत. एक नारायणगावचा, एक घोडेगावचा, एक ओतूरचा आणि आमचा हा मंचरचा. चौघांच्या घरी चार वेगळे सण असतात. एकाला गोळी लागली की दुसरा धावत जाऊन त्याला उठवतो, आपल्याकडची औषधाची पेटी त्याला देतो. अंधार पडल्यावर ज्यांना एकमेकांकडे जाता येत नाही, त्यांची ही बैठकच आहे. ते मी वहीत चांगल्या बाजूला लिहिले.

दुसऱ्या प्रश्नावर मात्र गाडी अडते. या खेळाला मध्येच थांबवण्याचे बटण नाही. एक डाव अर्धा तास चालू शकतो आणि उठून गेले तर बाकीचे तिघे उघडे पडतात. भाभी "जेवायला ये" म्हणून तीनदा हाक मारते आणि मुलगा "दो मिनट" म्हणतो, तेव्हा तो दर वेळी उर्मटपणाने बोलत नसतो. त्याला मित्रांना सोडून उठायचे नसते. हे कळल्यावर आम्ही नियम बदलला. "अजान झाली की बंद" असे न म्हणता "इशाच्या अजानीआधी चाळीस मिनिटांत नवा डाव सुरू करायचा नाही" असे ठरवले. भांडणे बरीच कमी झाली. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी बीजीएमआयने रोज तीन तासांची मर्यादा ठेवली आहे, पण खाते वडिलांच्या नावावर असेल तर गेमला तो मुलगा आहे हे कळणार कसे? खाते कोणाच्या नावावर आहे ते एकदा पाहून घ्या.

फ्री फायरचा डाव छोटा असतो, पन्नास खेळाडूंचा, आणि तो स्वस्त फोनवरही चालतो. मूळ फ्री फायरवर फेब्रुवारी २०२२ मध्ये बंदी आली, 'फ्री फायर मॅक्स' मात्र चालू राहिला. डाव लवकर संपतो म्हणून मुलाला उठवणे सोपे जाते. पण या गेममध्ये पाऊल टाकले की बाजारात शिरल्यासारखे वाटते. कपडे, बंदुकीचे रंग, नवीन पात्रे, फिरणारी चक्रे. त्याबद्दल पुढे लिहिते.

माझा शेरा: दोन्ही गेम घड्याळ लावून आणि पाकीट बंद ठेवून, तेरा-चौदा वर्षांनंतर. त्याआधी नाही.

कॉल ऑफ ड्युटी

हा गेम मोठ्या पुतण्याच्या लॅपटॉपवर पाहिला. चित्रण असे की खरा चित्रपट वाटावा. तांत्रिक गुण द्यायचे तर भरभरून द्यावे लागतील. पण माझ्या पहिल्या प्रश्नाशी हा गेम फार वेळा अडखळतो.

ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या 'मॉडर्न वॉरफेअर २' ची सुरुवातच एका इराणी सेनापतीला क्षेपणास्त्राने मारण्यापासून होते, आणि ते क्षेपणास्त्र खेळणाऱ्याच्या हातात असते. पुढे 'अल-कताला' नावाची काल्पनिक संघटना शत्रू म्हणून येते. २००९ च्या 'मॉडर्न वॉरफेअर २' मध्ये कराचीचा एक नकाशा होता, त्यातल्या दुकानांवरच्या पाट्या उर्दूत नसून अरबीत होत्या. बनवणाऱ्यांना कराचीतले लोक काय वाचतात हे पाहण्याची गरज वाटली नाही, मुस्लिम गाव दिसले की झाले. नोव्हेंबर २०२१ मध्ये आलेल्या 'व्हॅनगार्ड' मध्ये तर एका ठिकाणी जमिनीवर कुरआनची पाने विखुरलेली होती, रक्ताचे डाग पडलेली. जगभरच्या मुस्लिम खेळाडूंनी आवाज उठवला तेव्हा कंपनीने माफी मागितली आणि ती पाने काढून टाकली. इतकी माणसे, इतकी वर्षे एका गेमवर काम करतात, तेव्हा हे कोणालाच कसे दिसले नाही, हा प्रश्न मला माफीनंतरही पडतो.

न्यायाने सांगायचे तर याच मालिकेच्या २०१९ च्या गेममध्ये फराह करीम नावाची एक स्त्री आहे. आपल्या देशासाठी लढणारी, परकीय फौजेविरुद्धही आणि दहशतवाद्यांविरुद्धही. तिचे बालपण, तिचे दुःख गेम दाखवतो. ते पात्र चांगले लिहिले आहे. पण एका फराहसमोर ज्यांना नाव नाही, घर नाही, अशी शेकडो दाढीवाली माणसे फक्त गोळी खायला उभी केलेली असतात.

याचा मुलावर काय परिणाम होतो? गेम खेळून मुलगा खुनी होतो असे मी म्हणणार नाही, मला तसे दिसलेले नाही. मला दिसले ते वेगळे आहे. सुट्टीत एका दुपारी आमच्या गल्लीतून जमातीची माणसे चालली होती. लांब कुर्ते, दाढी, खांद्यावर बिस्तरा. खिडकीतून त्यांना पाहून धाकटा पुतण्या शेजारच्या मुलाच्या कानात काहीतरी गेममधले बोलला आणि दोघे हसले. बोट बंदुकीसारखे धरलेले होते. रात्री मी त्याला एवढेच विचारले, "त्या रांगेत तुझे दादाजान असते तर?" त्याच्या दादांचीही दाढी होती, तेही असाच कुर्ता घालायचे. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "फुफी, गेममध्ये त्यांचा चेहरा नीट दिसत नाही."

त्या उत्तरात सगळे परीक्षण आले. मक्तबात तो अलिफ-बे शिकला, पण अरबी बोलणारा चालता-बोलता माणूस त्याने पहिल्यांदा पाहिला तो बंदुकीच्या दुर्बिणीतून. शाळेत, रस्त्यावर, बातम्यांत आपल्या माणसांकडे कोणी संशयाने पाहिले तर आपल्याला लागते. तीच नजर आपल्या घरातला मुलगा आपल्याच पैशाने, आपल्याच दिवाणावर बसून शिकत असेल तर?

माझा शेरा: 'मॉडर्न वॉरफेअर' सारखे गेम परदेशातही मोठ्यांसाठीच ठरवलेले आहेत. आपल्याकडेही अठरा वर्षांपर्यंत नाही. त्यानंतर खेळायचे तर बोलत खेळावे.

बगदादमध्ये एक संध्याकाळ

मोठ्या पुतण्याने मग मला 'असॅसिन्स क्रीड मिराज' दाखवला. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेला हा गेम नवव्या शतकातल्या बगदादमध्ये घडतो. नायक बासिम हा रस्त्यावर चोऱ्या करून वाढलेला तरुण. हा बंदुकीचा नाही, खंजिराचा आणि लपूनछपून चालण्याचा गेम आहे. गेममधली माणसे अरबी बोलतील अशीही सोय आहे आणि आम्ही तसाच पाहिला. इथे अरबी बोलणारे दुकानदार आहेत, हमाल आहेत, विद्वान आहेत, भांडणारे शेजारी आहेत. बैतुल हिकमा आहे, जिथे ग्रीक, फारसी, संस्कृत ग्रंथांची विद्या अरबीत आली. शहरात फिरताना त्या काळच्या इतिहासाची छोटी टिपणे वाचायला मिळतात.

धाकटाही येऊन बसला. बगदादच्या ग्रंथालयावरून तिथल्या कागदाचा विषय निघाला, तेव्हा मी त्याला सांगितले की आपल्या जुन्नरचा हातकागदही एके काळी नावाजलेला होता आणि तो बनवणारी कागदी घराणी मुसलमान होती. त्याला हे माहीत नव्हते. त्याने विचारले, "कुठे बनवायचे?" गेम पाहताना माझ्या वहीत लिहिला गेलेला हा सर्वांत चांगला प्रश्न.

तरीही विसरू नये. या गेमचे मुख्य काम माणसे मारणे हेच आहे, आणि तोही मोठ्यांसाठीचा आहे. सुंदर शहरात लपून खंजीर चालवला म्हणून तो खंजीर राहत नाही असे नाही.

माझा शेरा: मोठ्या मुलाने खेळावा, घरच्यांनी शेजारी बसून शहर पाहावे. लहानांच्या हातात देऊ नये.

आपल्या जिल्ह्यातले गेम

पुणे जिल्ह्यातल्या पुष्कळ वाचकांना माहीत नसेल की पुण्यातही असे गेम तयार होतात. सुपरगेमिंग या पुण्याच्या कंपनीचा 'इंडस' १६ ऑक्टोबर २०२४ रोजी आला. तोही बेटावर उतरून लढायचाच गेम आहे, पण बेट भारतीय वळणाच्या काल्पनिक भविष्यातले आहे. त्यात सगळ्यांना मारूनच जिंकावे लागते असे नाही, कॉस्मियम नावाचे एक खनिज ताब्यात घेऊनही डाव जिंकता येतो. जिंकण्याचा दुसरा रस्ता ठेवणे ही मला साधी गोष्ट वाटत नाही.

पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' २०२० मध्ये आला. राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधत निघालेली एक मुलगी, एवढी त्याची गोष्ट. मारामारी आहे, ती राक्षसांशी. गोष्ट हिंदू पुराणांच्या वातावरणातली आहे, देवी-देवता त्यात बोलतात. आपल्या मुलांना या कथा शाळेतून आणि शेजारातून ऐकून माहीत असतात. आपली श्रद्धा काय आणि शेजाऱ्याची गोष्ट काय, हे ज्या घरात मोकळेपणाने सांगितले जाते, तिथे हा गेम अडचणीचा नाही. बहीण भावासाठी जिवावर उदार होते, हे आमच्या दोघा मुलांना चांगलेच भावले.

हे पाहताना मनात आले की शिवनेरीचा पायथा, नाणेघाट, हबशी गुंबज, मलिक अंबरची गनिमी चाल, इतके सगळे हाताशी असताना आमच्या मुलांनी नेहमी परक्या वाळवंटातच का उतरावे? मोठा पुतण्या यावर काही बोलला नाही, पण त्याने दुसऱ्या दिवशी हबशी गुंबजाचे फोटो काढून आणले.

आवाज आणि पेटी

दोन गोष्टी कोणत्याही एका गेमच्या नाहीत, बहुतेकांत आहेत, म्हणून वेगळ्या लिहिते.

पहिली, अनोळखी आवाज. या गेममध्ये माईक चालू असतो. एकदा धाकट्याने सवयीने सलाम केला आणि गटात आलेल्या अनोळखी मुलाने त्याला पाकिस्तानी म्हणून घाण शिवी दिली. नारायणगावच्या मित्राने त्याला तिथल्या तिथे सुनावले आणि चौघेही डाव सोडून बाहेर पडले. त्या मित्राच्या आईला मी फोन करून सांगितले, कारण अशी गोष्ट आईला कळायला हवी. पण आमच्या मुलाने त्या रात्री गेममधले आपले नाव बदलले. आता तिथे तो 'मळ्यातला बिबट्या' आहे. नाव गमतीचे आहे, आम्ही हसलो. तरी एका मुलाला खेळायला बसण्यासाठी स्वतःचे नाव बाहेर काढून ठेवावे लागले, हे मी वहीत लिहून ठेवले आहे. अनोळखी लोकांसाठी माईक बंद, फक्त ओळखीच्यांचा गट, ही सोय बहुतेक गेममध्ये असते. ती करून द्या.

दुसरी, पेटी. पैसे भरून एक बंद पेटी उघडायची किंवा चक्र फिरवायचे, त्यात काय निघेल ते नशिबावर. हवा तो पोशाख निघेपर्यंत मुलगा पुन्हा पैसे भरतो. ओळखीच्या एका घरात टोमॅटोच्या पट्टीचे आलेले पैसे वडिलांच्या फोनमधून असे थोडे थोडे गेले आणि कळले ते खताच्या दुकानात. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तो स्वागतार्ह आहे. पण शूटिंगच्या गेममधली ही पेटी त्या यादीत आहे असे समजून निश्चिंत होऊ नका. जुगार आपल्याकडे का मना आहे हे मुलाला माहीत असते, ही पेटी त्याच घरातली आहे हे त्याला कोणी दाखवून दिलेले नसते. बंदुकीपेक्षा मला ही पेटी जास्त घातक वाटली. यूपीआयचा पिन मुलाला देऊ नका, एवढे केले तरी पुष्कळ झाले.

शेजारी उभे राहणे

ईदच्या दिवशी मस्जिदे नबवीत हबशी लोक भाल्यांचे खेळ करत होते, आणि रसूलल्लाह (स.) यांनी हजरत आयेशा (रजि.) यांना ते पाहू दिले, त्यांचे मन भरेपर्यंत स्वतः त्यांच्याजवळ उभे राहिले, हे हदीसमध्ये आपण सर्वांनी ऐकले आहे. शस्त्रांचा खेळ होता, पण समोर शत्रू म्हणून कोणी उभा नव्हता, आणि पाहणाऱ्याच्या शेजारी मोठे माणूस होते. मुलांचे गेम पाहताना मला हा प्रसंग वारंवार आठवत राहिला.

मुलगा झोप, अभ्यास, जेवण, मित्र सगळे सोडून गेमच धरून बसला असेल, तर तो स्वभाव म्हणून सोडून देऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या यादीत गेमिंगचा विकार नोंदवला आहे. डॉक्टरांना दाखवण्यात लाज नाही.

बाकी घरांसाठी माझे एवढेच सांगणे आहे. या आठवड्यात एकदा मुलाला म्हणा, "एक डाव मला दाखव." रागावू नका, मोबाइल हिसकावू नका, शेजारी बसा आणि विचारा: समोरचा कोण आहे? तू कधी उठू शकतोस? पैसे कुठे मागतो? कोणता गेम तुमच्या घरात चालतो आणि मुलाने काय उत्तरे दिली, ते या मासिकाला जरूर लिहून कळवा. एकमेकींचे अनुभव वाचून आपल्याला पुढच्या सुट्टीच्या आत बरेच ठरवता येईल.